दुसऱ्या टोकाचा माणूस

नवी दिल्ली स्टेशनातून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलं की हॉटेलांच्या पाट्या, हातगाड्या आणि रिक्षांच्या रेट्यात इथे कुठे क्रिकेटचं मैदान असेल असं मनातही येत नाही. पण रेल्वेचं कर्नैल सिंग स्टेडियम इथून जवळच आहे. एप्रिल 2002 मध्ये इथेच बडोद्याला हरवून रेल्वेने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. या खेळपट्टीवर धावा आंदण मिळत नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये तर चेंडू इतका वेडावाकडा उसळू लागला, की पंजाबविरुद्धचा सामना थांबवून दुसऱ्या खेळपट्टीवर नव्याने सुरू करावा लागला.

बीडला जन्मलेला संजय बांगर रेल्वेच्या या संघात घडला. प्रथम श्रेणीत आठ हजारांवर धावा आणि 300 बळी, तरी कसोट्या मिळाल्या 12. जानेवारी 2013 मध्ये तो निवृत्त झाला आणि वर्षभरातच पंजाबच्या आयपीएल संघात साहाय्यक प्रशिक्षक झाला. त्याच हंगामात मुख्य प्रशिक्षकपद हाती आलं आणि संघ थेट अंतिम सामन्यात पोचला. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय संघाने त्याला फलंदाजीचा साहाय्यक प्रशिक्षक म्हणून बोलावलं.

साहाय्यकाचं काम कॅमेऱ्यात फारसं येत नाही. नेटमध्ये अर्ध्या खेळपट्टीवर उभं राहायचं, ऑफ स्टंपच्या त्याच एका टप्प्यावर चेंडू टाकत राहायचं, फलंदाजाचं डोकं कुठे झुकतं आणि पुढचा पाय कुठे पडतो ते बघायचं. खांदा भरून येतो, पण टप्पा चुकून चालत नाही. 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात कोहलीला दहा कसोटी डावांत 134 धावा करता आल्या होत्या. 2018 मध्ये त्याने तिथेच 593 केल्या. श्रेय कोहलीचंच. मधल्या चार वर्षांत नेटमध्ये बांगर होता, हेही विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

2016 मध्ये झिंबाब्वे दौऱ्यावर संघ त्याच्याच हवाली होता. ऑगस्ट 2019 मध्ये मुख्य प्रशिक्षक शास्त्री, गोलंदाजी प्रशिक्षक अरुण आणि क्षेत्ररक्षण प्रशिक्षक श्रीधर कायम राहिले, फलंदाजी प्रशिक्षक बांगर मात्र बदलला गेला. ते मला लागलं. दोन वर्षांनी बंगळुरूच्या आयपीएल संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं.

मला मात्र ऑगस्ट 2002 ची, इंग्लंडमधल्या हेडिंग्लेची कसोटी आठवते. आभाळ भरलेलं, खेळपट्टी हिरवी, तरी गांगुलीने फलंदाजी घेतली. सेहवाग लवकर गेला. बांगर 236 चेंडू उभा राहिला, द्रविडबरोबर 170 धावांची भागीदारी केली, स्वतःच्या धावा 68. भारत डावाने जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिली ती द्रविड, सचिन आणि गांगुलीची शतकं. बांगर बाद झाला तेव्हा फलकावर 2 बाद 185 होते. चेंडूची लकाकी गेली होती, आणि सचिन आत येत होता.