पांढरा चहा : पेय की औषध?

रुग्णांच्या भेटीस येणारे आप्तेष्ट पूर्वी शहाळी, फळे वा बिस्किटे आणीत. अलीकडे त्यांच्या पिशवीत पांढऱ्या चहाचा डबाही दिसू लागला आहे. ‘याने रक्तदाब उतरेल का? कर्करोग टळेल का?’ असे प्रश्न आमच्या डॉक्टरांना व परिचारिकांना विचारले जातात. हा चहा नेहमीच्या चहाच्या कैक पटींनी महाग असतो. उपचारांच्या खर्चाने आधीच ओढगस्तीस आलेल्या कुटुंबाने त्यावर पैसे खर्चावेत काय, याचा विचार येथे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पांढरा चहा म्हणजे काय?

काळा, हिरवा व पांढरा हे तिन्ही चहा ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच वनस्पतीपासून होतात. भेद आहे तो प्रक्रियेचा. काळ्या चहाची पाने चुरगाळून ठेवली जातात व हवेतील प्राणवायूच्या संयोगाने ती काळसर होतात. हिरव्या चहाच्या पानांना लगेच उष्णता देऊन ही क्रिया थांबवितात. पांढऱ्या चहासाठी न उमललेले कोंब, फार तर त्यांच्यालगतची एकदोन कोवळी पाने खुडून ती केवळ कोमेजू देतात व वाळवितात. कोंबांवरील रुपेरी लवीमुळे त्यास हे नाव मिळाले. चीनच्या फुजियान प्रांतातील फुडिंग व झेंगहे ही त्याची प्रसिद्ध स्थाने होत. आज दार्जिलिंग व निलगिरी येथेही तो तयार होतो.

गुण कोणते?

या चहात कॅटेचिन नावाची द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत ती पेशींना अपाय करणाऱ्या घटकांना आळा घालताना दिसतात. जाहिरातींचा आधार हाच. परंतु परीक्षानळीत जे घडते ते मानवी शरीरात घडेलच असे नाही. माणसांवर झालेला अभ्यास मुख्यतः हिरव्या चहाचा आहे; पांढऱ्या चहाचा फारच थोडा. हिरव्या चहाने कर्करोग वा हृदयविकार टळतो असा दावा मान्य करण्याइतका पुरावा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनासही 2005 व 2006 साली आढळला नाही. दूध-साखर न घालता घेतलेले हलके, सुवासिक पेय, हा मात्र त्याचा निर्विवाद गुण होय. दिवसातून तीनचार वेळा गोड चहा घेणाऱ्याने त्याऐवजी हा घेतल्यास पोटात जाणारी साखर घटते, हा लाभ लहान नाही. पण तोच लाभ बिनसाखरेच्या साध्या कोऱ्या चहानेही मिळतो.

सावधगिरी कोठे?

पांढऱ्या चहात कॅफिन नसते, हा समज चुकीचा आहे. निद्रानाश वा धडधड असणाऱ्यांनी तो सायंकाळनंतर टाळावा. गर्भवतींनी चहा-कॉफी मिळून दिवसाला 200 मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट लोहाची. कोणत्याही चहातील टॅनिनसारखी द्रव्ये भाजी, डाळी व धान्यांतील लोहाला बांधून ठेवतात व ते अंगी लागू देत नाहीत. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा स्थितीत लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेणे म्हणजे गोळीचा बराचसा गुण वाया घालविणे होय. जेवण व लोहाची गोळी यांपासून चहा किमान एक तास दूर ठेवावा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास लोह अधिक चांगले शोषले जाते. थायरॉईडची गोळीही उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. चहाच्या अर्काच्या गोळ्या तर वैद्यकीय सल्ल्यावाचून मुळीच घेऊ नयेत. त्यांच्या अधिक मात्रेने यकृतास इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

आमची विनंती

ज्यांना परवडतो व रुचतो त्यांनी पांढरा चहा आनंदाने प्यावा. पाणी उकळल्यावर थोडे निवू द्यावे व त्यात पाने तीनचार मिनिटे ठेवावीत. मात्र त्यापायी चालू औषध थांबवू नये, तपासणी लांबवू नये. आपल्या रुग्णासाठी काही आणावेसे वाटल्यास हंगामी फळे आणावीत, आणि घरातील माताभगिनींचे हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे. महागड्या डब्यापेक्षा ही साधी तपासणी कुटुंबाच्या अधिक उपयोगी पडेल, अशी आमची खात्री आहे.