साठ मिनिटांचा राजपुत्र

१९९० च्या दशकात यवतमाळ, पुसद, वणीकडच्या ज्या मुलांनी संगणकाच्या क्लासमध्ये प्रथम कीबोर्डला हात लावला, त्यांतल्या अनेकांना अभ्यासक्रमाआधी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवतो. फ्लॉपीत मावणारा खेळ. तळघरातून निघून साठ मिनिटांत राजकन्येला गाठायचे. खेळ राखून ठेवायची सोय तिसऱ्या टप्प्यापासून. त्याआधी वीज गेली, की राजपुत्र पुन्हा तळघरात!

अमेरिकेच्या जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये हा खेळ ‘ॲपल टू’ संगणकासाठी केला. डॉसवर तो १९९० मध्ये आला. धावणाऱ्या धाकट्या भावाचे चित्रण करून त्याने एकेक हालचाल त्यावरून उतरवली. म्हणूनच राजपुत्र ठेचकाळतो, लोंबकळतो तो माणसासारखा. पण संगणकाची स्मृती अवघी १२८ किलोबाइट. नव्या शत्रूच्या चित्रांना जागाच उरली नाही. मग त्याने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून त्यांतून छायापुरुष घडवला. माझ्या मते खेळातले सर्वांत देखणे पात्र हेच, आणि ते टंचाईतून जन्मले. आरशातून उडी मारताच ही सावली सुटते आणि पुढे आडवी येत राहते. शेवटी तिच्यावर वार करावा, तर जखम आपल्यालाच. तलवार म्यान करून सामोरे गेले, की दोघे एक होतात. हे उमगेपर्यंत घड्याळातली बरीच मिनिटे सरलेली असत.