मोटर फिरते, मग पाणी का येत नाही?

वाशीम जिल्ह्यात कारंजा, मंगरूळपीर, रिसोड अशा कोणत्याही तालुक्यात जा, शेतात सौरपंप दिसतात. 2019 साली सुरू झालेल्या कुसुम योजनेमुळे त्यांत मोठी भर पडली. हरभऱ्याला पाणी द्यायचे म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात असा पंप सुरू केला, तर पुष्कळदा मोटर फिरत असल्याचे नियंत्रकाच्या पेटीवर दिसते, पण पाइपाच्या तोंडाशी थेंबही येत नाही. थोड्या वेळाने ऊन चढते आणि पाणी आपोआप सुरू होते. मोटर तर बिघडलेली नसते. मग मधल्या वेळात ती काय करीत होती?

यातील बरेच पंप तीन फेजच्या प्रवर्तन मोटरवर चालतात. या मोटरचा वेग वारंवारतेशी बांधलेला असतो. दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये 50 हर्ट्झला चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेते व दांडा त्याच्या थोडा मागे राहून फिरतो. सौर पॅनेलमधून मात्र एकदिश प्रवाह मिळतो. त्यापासून तीन फेजचा प्रवाह तयार करणारी पेटी म्हणजेच व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह. ऊन कमी असेल तर ती वारंवारता उतरवते, आणि यात मोठी बचत होते. पंपाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 40 हर्ट्झला वेग 0.8 पट, तर शक्ती 0.8 चा घन, म्हणजे सुमारे 0.51 पट.

परंतु पंप पाणी किती उंच चढवू शकेल, ते वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. समजा, 50 हर्ट्झला एक पंप पाणी जास्तीत जास्त 60 मीटर चढवतो, आणि बोअरमधील पाणी 40 मीटर खाली आहे. गणित करून पाहा: सुमारे 41 हर्ट्झ होईपर्यंत पाणी वर येणारच नाही! उन्हाळ्यात पातळी 50 मीटरवर गेली की हाच आकडा 46 च्या जवळ जातो. पाणी वाहत नसताना मोटर थंडही होत नाही. म्हणून ड्राइव्हमध्ये किमान वारंवारता ठरवून देतात.

वारंवारता उतरवताना विद्युत्दाबही उतरवावा लागतो. मोटरमधील चुंबकीय अभिवाह दाब भागिले वारंवारता या गुणोत्तरावर ठरतो. 415 व्होल्ट, 50 हर्ट्झच्या मोटरसाठी हे गुणोत्तर 8.3 येते, म्हणून 25 हर्ट्झला सुमारे 207 व्होल्टच द्यायचे. तिथेही 415 व्होल्ट दिले तर लोखंड संपृक्त होते, प्रवाह बेसुमार वाढतो आणि गुंडाळी जळते. उलट, दाब फार कमी पडला तर मोटरचे बळ त्याच्या वर्गाने घटते. यासाठी मोटरच्या पाटीवरील व्होल्ट व हर्ट्झ ड्राइव्हमध्ये बरोबर नोंदवावे लागतात.

दुकानात मात्र विचारतात ते एकच : "किती एचपीची मोटर?" हा प्रश्न अपुरा आहे. बोअरमध्ये मावावी म्हणून सबमर्सिबल मोटर बारीक व लांब बांधतात. तिची कार्यक्षमता बहुधा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच अश्वशक्तीला ती जमिनीवरच्या मोटरपेक्षा अधिक अँपिअर घेते. ड्राइव्हमधील अर्धवाहकांना अश्वशक्ती कळत नाही, प्रवाह कळतो! म्हणून ड्राइव्हचे अँपिअर पाटीवरील अँपिअरपेक्षा कमी असता कामा नयेत.

केबलचाही विचार करावा लागतो. ड्राइव्हमधून निघतात ते दाबाचे तीक्ष्ण स्पंद. लांब केबलच्या टोकाशी ते परावर्तित होतात व मोटरपाशी क्षणिक दाब जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. बोअर खोल, पेटी दूर, असे असेल तर मध्ये योग्य फिल्टर बसवतात. जुन्या स्टार्टरवरचा कपॅसिटर मात्र ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कधीही ठेवू नये. प्रत्येक स्पंदाला तो मोठा प्रवाह ओढतो आणि ड्राइव्ह निकामी होऊ शकतो.