गळाची काठी

प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयावर गळ टाकून बसलेल्या मनुष्यास आम्ही शाकाहारी लोक रिकामटेकडा समजतो. पण त्याच्या हातातील काठी घडविण्यास बुद्धी लागते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारागीर कलकत्त्याहून गेलेला आपलाच बांबू चिरून, सहा कांबी सरसाने जोडून उत्तम काठ्या करीत. आज कार्बन-तंतूंच्या काठ्या आल्या, तरी नियम तोच : बुंधा ताठ, शेंडा लवचिक, दोऱ्याच्या कड्या बुंध्याकडे मोठ्या व विरळ, शेंड्याकडे लहान व दाट, म्हणजे ओढ साऱ्या काठीवर वाटली जाते. घरच्या मुलांस अशी एक काठी स्वहस्ते करू द्यावी, असे आम्हांस वाटते. मासा गळास न लागो. पुस्तकाबाहेरचे ज्ञान हातास लागेल.