नकार ऐकण्याचे शिक्षण

आम्ही बँकेत कारकून. काउंटरवर बसून लोकांच्या पैशांचा हिशोब ठेवताना त्यांच्या घरच्या अडचणीही कळत जातात. मागे एक कॉलेजची मुलगी आली. खात्यात स्कॉलरशिप जमा झाली होती, पण तिला खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलून हवा होता. जुना नंबर कुणाचा, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मित्राचा आहे जी. एटीएम कार्डही त्याच्याचकडे असते. नंबर बदलला हे त्याला कळेल का?"

तिच्या अंगावर माराचा वळ नव्हता. तरी ही हिंसाच आहे, असे आम्हाला वाटते. हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. मैत्रिणींशी बोलू न देणे, फोन तपासणे, पासवर्ड मागणे, पैसे ताब्यात ठेवणे, फोटो सगळ्यांना दाखवीन अशी धमकी देणे, "तू सोडून गेलीस तर मी जीव देईन" असे म्हणून अडकवून ठेवणे, आज थप्पड मारून उद्या माफी मागणे, ही सर्व तिचीच रूपे आहेत. दुर्दैवाने कोवळ्या वयात मुलामुलींना हेच खरे प्रेम वाटते. "त्याला माझी काळजी आहे म्हणून तो रागावतो," असे मुलगी स्वतःला समजावते.

याचा शेवट कुठवर जाऊ शकतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जाळण्यात आले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्या शेजारच्या हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भररस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवून दिले. १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप झाली. अशा घटनांना वर्तमानपत्रे 'एकतर्फी प्रेम' म्हणतात. आमच्या मते हा शब्दच टाकून द्यावा. जिथे समोरच्याच्या 'नाही'ला किंमत नाही तिथे प्रेम नसते, मालकी असते.

आता प्रश्न असा, की आपण मुलांना 'नाही' ऐकायला शिकवतो का? मुलगी सातच्या आत घरी आली पाहिजे, एवढाच आपला धडा. मुलाला मात्र कुणी सांगत नाही, की नकार आला म्हणजे अपमान झाला असे नाही; दुःख होईल, रडू येईल, मोठ्या भावाशी, गुरुजींशी बोल; पण तिच्या वाटेवर उभा राहू नकोस.

दुसरी चूक पालकांची. सावली, मूल, चामोर्शी, आरमोरीकडच्या कितीतरी मुली एस.टी.ने ये-जा करून किंवा खोली करून शिकतात. एखादा मुलगा त्रास देतो असे तिने घरी सांगितले तर आपण काय करतो? तिचे कॉलेज बंद करतो, नाहीतर स्थळ पाहू लागतो. म्हणजे गुन्हा त्याचा आणि शिक्षा हिला. म्हणूनच मुली सांगत नाहीत, आणि त्रास देणाऱ्याचे फावते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलांच्या लग्नाची घाई करू नका, असे बजावले होते. पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून राहावे, गुलाम म्हणून नव्हे, हेही त्यांनी सांगितले. लग्नातल्या नात्याला जे माप लावले तेच लग्नापूर्वीच्या मैत्रीलाही लावायला हवे. चांगली मैत्री ओळखणे कठीण नाही. तीत मतभेद झाला तरी भीती वाटत नाही, अभ्यास सुटत नाही, जुने मित्र तुटत नाहीत आणि 'नाही' म्हणता येते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत 'तारुण्यभान' शिबिरांतून मुलामुलींशी शरीर, प्रेम व जबाबदारी यांविषयी मोकळेपणाने बोलण्याचा पायंडा पाडला. जे शिबिरात बोलता येते ते आपल्या घरात का बोलता येऊ नये?

विद्यार्थ्यांनी कायदाही जाणून घ्यावा. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करणे, मोबाइल वा इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत व पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलामुलींना २०१२ च्या पोक्सो कायद्याचे संरक्षण आहे. धमकीचे मेसेज पुसू नयेत, ते पुरावा असतात. "शेवटचे एकदा भेट" म्हटले तरी एकटीने जाऊ नये. विश्वासाच्या एका तरी मोठ्या माणसाला सांगावे. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या वेळी ११२ हे नंबर पाठ असावेत.

त्या मुलीचा नंबर आम्ही रीतसर अर्ज घेऊन बदलून दिला, जुने कार्ड बंद करून नव्यासाठीही अर्ज घेतला. "त्याला आम्ही काही सांगणार नाही, पण तू घरी नक्की सांग," एवढेच म्हणालो. ती म्हणाली, "घरी सांगितले तर शिक्षण बंद होईल जी." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर तुम्हाआम्हा पालकांनाच द्यायचे आहे. आज रात्री जेवताना आपल्या मुलीला एवढे सांगा, की काहीही झाले तरी तुझे शिक्षण थांबणार नाही. आणि शेजारी बसलेल्या मुलालाही ते ऐकू द्या.