पर्यावरण : बाजार की शासन?
लेखांक ६ : मोजणाऱ्याचे पैसे कोणी द्यावेत?

अमेरिकेतील गंधक-परवान्यांच्या बाजारानंतर या आठवड्यात सुरतेच्या कापड-प्रक्रिया कारखान्यांकडे वळण्याचे ठरले होते. परंतु एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याआधी देणे आवश्यक आहे. धुरातील प्रत्येक किलो धूलिकणांची खरेदी-विक्री करावयाची असेल, तर धुराड्यातून किती किलो बाहेर पडले हे ठरवणार कोण, असा तो प्रश्न आहे. बाजाराचे आणि शासनाचे कैवारी भांडतात तेव्हा हा प्रश्न बहुधा तळटीपेत जातो, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा निकाल तेथेच लागतो. म्हणून सुरत पुढील आठवड्यावर ढकलून हा संपूर्ण लेखांक त्यालाच दिला आहे.

धूलिकण मोजण्याची रूढ पद्धत कष्टाची आहे. शिडीने धुराड्यावरील मचाणापर्यंत चढायचे, तेथील छिद्रातून नळी आत सारायची, धूर ज्या वेगाने वर जात असेल त्याच वेगाने त्याचा नमुना ओढून घ्यायचा, आणि गाळणीचे आधीचे व नंतरचे वजन ताडून एक घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम कण होते ते काढायचे. गुजरातेत याची कायदेशीर मर्यादा १५० मिलिग्रॅम होती. असा नमुना वर्षातून मोजक्याच वेळा घेतला जातो, आणि एरवी बंद असलेली धूळ पकडणारी यंत्रणा त्या दिवशी चालू ठेवली, तर वजन खरे असूनही चित्र खोटे ठरते. नमुना न घेताच आकडा लिहिणे तर त्याहून सोपे.

गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ पासून त्या राज्यात पर्यावरण लेखापरीक्षणाची योजना लागू झाली. अधिक प्रदूषणाची शक्यता असलेल्या कारखान्यांनी त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी आणि त्याचा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला सादर व्हावा, अशी ही रचना होती. कागदावर ती निर्दोष दिसते. परंतु लेखापरीक्षक निवडणार कारखानदार, त्याचे शुल्क देणार कारखानदार, आणि पुढील वर्षी त्याला पुन्हा बोलवायचे की नाही हेही ठरवणार कारखानदार, अशा व्यवस्थेत प्रामाणिक आकडा लिहिणारा मनुष्य टिकणार कसा? प्रत्यक्षात हे शुल्क प्रामाणिक तपासणीच्या खर्चापेक्षाही खाली घसरले होते, म्हणजे खरेदी तपासणीची नव्हे, तर प्रमाणपत्राची होत होती.

एस्थर ड्युफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरातच्या मंडळाला बरोबर घेऊन या व्यवस्थेची कसोटी घेतली. अहमदाबाद आणि सुरत परिसरातील ४७३ कारखान्यांपैकी सुमारे निम्म्यांसाठी नियम बदलण्यात आले : लेखापरीक्षक सोडतीने नेमला जाई, शुल्क ठरलेले असून ते सामायिक निधीतून दिले जाई, त्याने घेतलेल्या काही मोजण्यांची दुसऱ्या पथकाकडून फेरतपासणी होई, आणि दुसऱ्या वर्षी मानधनाची सांगड मोजणीच्या अचूकपणाशी घालण्यात आली. उरलेल्या कारखान्यांत जुनीच पद्धत चालू राहिली. तेथील अहवालांनुसार धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने केवळ ७ टक्के होते, आणि फेरतपासणीत ते प्रमाण ५९ टक्के निघाले. नोंदवलेल्या आकड्यांची गर्दी १५० च्या किंचित खाली झालेली होती. नव्या पद्धतीत मात्र खोटी निर्दोषता लिहिण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले, आणि आकडे खरे येऊ लागताच कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. ही घट मुख्यतः सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्यांत दिसली.

यावर कोणी म्हणेल की शासनाने आपले निरीक्षक अधिक वेळा पाठवावेत, म्हणजे भागले. गुजरातेत त्याचाही प्रयोग झाला. ९६० कारखान्यांपैकी सोडतीने निवडलेल्या कारखान्यांच्या तपासण्या दुपटीहून अधिक करण्यात आल्या. तरी सरासरी प्रदूषणात लक्षणीय घट झाली नाही, कारण अतिरेकी प्रदूषण करणारे कारखाने मंडळाचे अधिकारी आपल्या अनुभवावरून आधीच हेरत होते आणि वाढीव फेऱ्या बहुतांशी इतरांच्या वाट्याला आल्या. तपासण्यांची संख्या आणि तपासणीची सचोटी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता मूळ वादाकडे येता येईल. बाजार आणला की लबाडीचा मोह कमी होतो, हा समज चुकीचा आहे, तो वाढतो. ठरावीक मर्यादेच्या व्यवस्थेत १६० चे १४८ केले की काम संपते, त्याखाली आणखी खोटे लिहून काही मिळत नाही. परवान्यांच्या बाजारात मात्र लपवलेल्या प्रत्येक किलोला दर असतो. प्रदूषणावर कर बसवला तरी हीच अडचण येते. म्हणूनच अमेरिकेने १९९० च्या कायद्यात वीज केंद्रांना अखंड मोजणारी यंत्रे सक्तीची केली. ही यंत्रे केंद्रांच्याच मालकीची होती. परंतु यंत्र बंद पडलेल्या काळातील कोऱ्या जागा चढ्या अंदाजाने भरल्या जात आणि खंड जितका मोठा तितका अंदाज चढा असे, त्यामुळे यंत्र नादुरुस्त ठेवणे तोट्याचे ठरले. गंधक-परवान्यांचा तो बाजार भरवशाचा झाला तो अशा रुक्ष नियमांमुळे, आणि ते नियम शासनाने केले होते.

महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ऊस कारखान्याच्या काट्यावर तोलला जातो आणि पैसे त्याच वजनावर मिळतात; म्हणून दर कितीही चांगला जाहीर झाला तरी काटामारीची शंका उरतेच, आणि काट्याची पडताळणी वैधमापन यंत्रणेने करावी लागते. दर बाजाराने ठरवावा की शासनाने, यावर मतभेद असू शकतात. काटा कोणी तपासावा यावर असू नयेत.

तेव्हा वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर असे की मोजणी कोणीही करो, मोजणाऱ्याची मिळकत मोजल्या जाणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसावी आणि खोट्या आकड्यातून कोणाचाही लाभ होऊ नये. मर्यादा, कर की बाजार ही निवड त्यानंतरची आहे. जे शासन प्रामाणिक मोजणी घडवू शकत नाही, त्याला बाजारही चालवता येणार नाही. गुजरातच्या मंडळाने २०१५ मध्ये लेखापरीक्षकांची नेमणूक सोडतीने करण्याचा नियम स्वीकारला आणि २०१९ मध्ये त्याच राज्यात, सुरतेला, धूलिकणांच्या परवान्यांचा जगातील पहिला बाजार सुरू झाला. त्याचे लिलाव, परवान्यांचे किमान-कमाल दर आणि त्याचा परिणाम यांचा विचार पुढील लेखांकात होईल.