इंजिन बदलायचं, पण कोणतं?

माझा भाचा कॅलिफोर्नियात राहतो. त्याच्याकडे १९९४ सालची होंडा सिव्हिक हॅचबॅक आहे. दीड लिटरचं इंजिन, १०२ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम एक टन. एका रात्री त्याचा फोन आला, "मामा, गाडीत दुसरं इंजिन टाकतोय. कुठलं टाकू, सांग ना." माझा जन्म मोटारींच्या कामात गेला, म्हणून मला विचारलं. पण त्याच्या मनात प्रश्न एकच होता, जास्तीत जास्त ताकद कशात मिळेल?

त्याच्यापुढे तीन पर्याय होते. तिन्ही होंडाचेच. पहिलं इंटेग्रा जीएस-आर या मोटारीचं १.८ लिटरचं बी१८सी१, १७० अश्वशक्तीचं. दुसरं १९९७ नंतरच्या प्रील्यूडचं २.२ लिटरचं एच२२, सुमारे २०० अश्वशक्तीचं. तिसरं २००२ च्या आरएसएक्स टाइप-एसचं दोन लिटरचं के२०, तेही २०० चं. तिन्हींत व्हीटेक आहे. म्हणजे इंजिनाचे फेरे वाढले की कॅमशाफ्टवरचे वेगळ्या आकाराचे उंचवटे कामाला लागतात, व्हॉल्व्ह जास्त आणि अधिक वेळ उघडतात, आणि गाडी उसळी घेते.

आकडे पाहिले तर पहिलं इंजिन मागे पडतं. पण प्रील्यूडचं इंजिन जड आहे. छोट्या सिव्हिकच्या पुढच्या चाकांवर ते वजन आलं की तोंड जड होतं आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला ओढ घेते. सरळ रस्त्यावर मजा, घाटात पंचाईत!

के२० हे तिघांत सर्वांत नवं आणि उत्तम इंजिन. पण ते जुन्या होंडा इंजिनांच्या उलट दिशेला फिरतं. जुन्यांचा एक्झॉस्ट पुढे रेडिएटरकडे, याचा मागे. त्यामुळे इंजिनाचे माउंट, एक्सल, वायरिंग, एक्झॉस्टचे पाइप, सगळंच नवं करावं लागतं. इंजिनाच्या किमतीवर भुलणाऱ्याला हा खर्च आधी दिसत नाही.

बी१८ मात्र घरचंच. याच घराण्यातलं १.६ लिटरचं इंजिन होंडाने स्वतः या पिढीच्या सिव्हिकमध्ये जपानात दिलं होतं. त्यामुळे जागा तयारच असते, थोडेच भाग बदलावे लागतात. मी एक पथ्य सांगितलं. इंजिन एकटं घेऊ नको. त्याचा गिअरबॉक्स, वायरिंग आणि संगणक एकाच गाडीतून उतरवून घे.

कायदाही पाहायला हवा. कॅलिफोर्नियात बसवायचं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं, आणि मूळ गाडीत त्याच्यासोबत असलेली प्रदूषण रोखणारी सगळी सामग्री जागेवर लागते. सरकारने नेमलेला रेफरी ती तपासतो आणि मगच गाडीवर लेबल चिकटवतो. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करू देत नाही.

शेवटी मी त्याला विचारलं, "मागच्या चाकांना ब्रेक कोणते आहेत?" तो म्हणाला, "ड्रमचे, कंपनीचेच." मग मी हिशेब मांडला. वेग दीडपट झाला की गाडी थांबवताना ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. १०२ अश्वशक्तीसाठी दिलेले ब्रेक जवळपास दुप्पट ताकदीच्या गाडीला कसे पुरावेत? अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, ते इथे पैशापुरतं नाही, जिवापुरतंही आहे.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "म्हणजे ताकद शेवटी?" मी म्हटलं, "शेवटीच. आधी ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन. मग कागद. मग इंजिन."

त्याने बी१८ घेतलं. त्याच इंटेग्राचे मागचे डिस्क ब्रेकही उतरवून आणले आणि आधी ते बसवले. परवा फोनवर सांगत होता, इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात झाकून ठेवलंय, पुढच्या महिन्यात चढवणार. तोवर जुन्या १०२ अश्वशक्तीवरच फिरतोय. म्हणाला, "मामा, नुसत्या ब्रेकनीच गाडी नवी वाटायला लागलीय."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)